जुना शब्द जुन्या शब्दानेच फेडावा असे नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्रजी अभिजात नाटकांच्या नव्या मराठी भाषांतरांवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात लेखकाने असा आग्रह धरला आहे की, मूळ इंग्रजीत जिथे जिथे जुनाट शब्द असेल तिथे तिथे मराठीतही बखरीतला किंवा पोथीतलाच शब्द यायला हवा. या मताच्या पुष्ट्यर्थ त्यांनी हंगेरीचा दाखला दिला आहे आणि ‘हंगेरियन लोक आजही शेक्सपिअर दीडशे वर्षांपूर्वीच्या जुन्या हंगेरियनमध्येच वाचतात’ असे ठाम विधान केले आहे. दाखला उत्तम निवडला आहे. मात्र तो लेखकाच्या बाजूने साक्ष देत नाही. हंगेरियन भाषा मी हौसेने शिकलो असून मूळ इंग्रजी आणि तिचे हंगेरियन भाषांतर शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची मला सवय आहे, म्हणून या विधानाची दुसरी बाजू मांडावीशी वाटली.

आधी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. हंगेरियनमध्ये ‘हॅम्लेट’ प्रथम आले ते इंग्रजीतून नव्हेच. कॉझिन्त्सी फेरेंत्स याने १७९० मध्ये ते जर्मन रंगावृत्तीवरून उतरवले. (हंगेरियन माणूस आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितो, मी त्यांचीच रीत पाळली आहे.) पुढे अर्ध्या शतकात तिथल्या पहिल्या प्रतीच्या कवींनी हे काम अंगावर घेतले. व्योरोशमॉर्ती मिहाय याने ‘ज्युलिअस सीझर’ आणि ‘लिअर’ केले, पेतोफी शांदोर याचे ‘कोरिओलेनस’ क्रांतीच्या वर्षी, म्हणजे १८४८ मध्ये आले, आणि किशफॉलुदी सोसायटी या साहित्यसंस्थेने १८६४ ते १८७८ या काळात समग्र शेक्सपिअर हंगेरियनमध्ये छापून काढला. ऑरॉन्य यानोश याचे ‘हॅम्लेट’ याच मालेतले, १८६७ सालचे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ‘ऑथेल्लो’ मराठीत छापले गेले तेही त्याच वर्षी. लेखकाच्या मनात जे ‘जुने हंगेरियन’ आहे ते मुख्यतः या ऑरॉन्यचे असावे, म्हणून त्याने जुन्या इंग्रजी शब्दांचे नेमके काय केले ते पाहू.

हॅम्लेटच्या सर्वज्ञात स्वगतात ‘फार्डल्स’ असा एक शब्द येतो. आजच्या इंग्रजी वाचकाला तो तळटीपेवाचून कळत नाही. शेक्सपिअरच्या काळी मात्र तो गाठोडे, बोचके या अर्थाचा चालता शब्द होता. ऑरॉन्य शब्दसंपत्तीसाठी ख्यातनाम असलेला कवी. एका लहान गावात नोटरीचे काम केलेला, पुढे शिक्षकी केलेला, लोकांची बोली आणि जुने ग्रंथ दोन्ही कोळून प्यालेला. मनात आणले असते तर चार विस्मृत शब्द त्याला बसल्या जागी सापडले असते. त्याने लिहिले ‘तेर्हेकेत’, म्हणजे ‘ओझी’. हमालापासून प्राध्यापकापर्यंत कोणालाही कळणारा साधा शब्द. त्याच ओळीत त्याच्या आधी ‘बेअर बॉड्किन’ येते. बॉड्किन म्हणजे त्या काळी खंजीरही आणि दाभणही. ऑरॉन्यने ‘पुस्तॉ तोर’, म्हणजे ‘नुसता खंजीर’ असे करून वाट मोकळी केली. इथे काहीतरी निसटले हे मान्य करायला हवे, कारण दाभणासारख्या क्षुल्लक वस्तूने आयुष्याचा हिशेब मिटवता येतो यातला उपहास खंजिरात उरत नाही. पण हेही लक्षात घ्यावे की, निसटला तो शब्दाचा एक अर्थ. शब्दाचे जुनेपण राखायचा तर त्याने प्रयत्नच केलेला नाही.

याच नाटकात ‘काळ सांध्यातून निखळला आहे’ अशा अर्थाचे वाक्य आहे. इंग्रजीतली प्रतिमा हाडवैद्याकडची आहे. ऑरॉन्यने ती तशीच्या तशी उचलली नाही. त्याचे ‘कीझोक्केंत ऑझ इदो’ हे शब्द आज हंगेरीत म्हणीसारखे वापरले जातात, आणि त्यातले क्रियापद हिसका बसून जागेवरून किंवा चाकोरीतून बाहेर पडण्याचे आहे. इथेही जुन्या शब्दाला जुना शब्द दिलेला नाही. जिवंत शब्दाला जिवंत शब्द दिला आहे.

माझ्या मते इथेच सगळी मेख आहे. इंग्रजीतले जे शब्द आज आपल्याला जुनाट वाटतात, त्यांत दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. एका जातीचे शब्द बोलणाऱ्याच्या तोंडी ताजे होते, ते काळाने जुने केले. दुसऱ्या जातीचे शब्द लेखकाने लिहितानाच जाणूनबुजून जुने निवडले होते. पहिल्या जातीच्या शब्दांना पोथीतला शब्द देणे म्हणजे पात्राच्या तोंडी त्याने कधी न काढलेला सूर घालणे होय. ‘व्हेअरफोर’ हे त्याचे सोपे उदाहरण. रोमिओला हाक मारताना ज्युलिएट ‘तू रोमिओ का आहेस?’ असे विचारते, ‘कुठे आहेस?’ असे नव्हे. तरीही कितीतरी इंग्रजी भाषकांची तिथे फसगत होते. हंगेरियनमध्ये त्या जागी ‘मिएर्त’ येते, म्हणजे ‘मि’ (‘काय’) आणि ‘साठी’ या अर्थाचा प्रत्यय मिळून झालेले, आपल्या ‘कशासाठी’सारखेच. शब्द जुना नाही, दुर्मीळ नाही, आणि प्रेक्षकाचा घोटाळाही होत नाही. भाषांतर इथे मुळाहून सुबोध ठरते, यात दोष तो काय?

दुसऱ्या जातीसाठी कोलरिजच्या वृद्ध खलाशाच्या दीर्घकवितेसारखे उदाहरण नाही. १७९८ मध्ये ती प्रथम छापली गेली तेव्हा तिचे शुद्धलेखनसुद्धा मुद्दाम जुन्या धाटणीचे होते, आणि ‘एफ्टसून्स’सारखे शब्द त्या काळच्या वाचकालाही जुने वाटावेत म्हणूनच घातलेले होते. १८०० च्या आवृत्तीत कोलरिजनेच तो जुनेपणा बराच कमी केला. सॉबो लोरिंत्स या कवीने ती हंगेरियनमध्ये आणताना शीर्षकातच आपली युक्ती दाखवली आहे. इंग्रजी शीर्षकात प्राचीनपण चिकटले आहे ते खलाशाला. सॉबोने खलाशाला ‘वेन’, म्हणजे साधा ‘म्हातारा’ म्हटले आणि जुनेपणाचा भार ‘कहाणी’ या अर्थाच्या शब्दावर टाकला. तो शब्द आहे ‘रेगे’. (आपल्याकडच्या आडनावाशी त्याचा काही संबंध नाही.) एका शब्दाचे कर्ज असे दुसऱ्या शब्दाच्या खात्यातून फेडता येते, आणि चांगले भाषांतरकार ते सतत करत असतात. शब्दाखाली शब्द ठेवून तपासणाऱ्या समीक्षकाला मात्र ते दिसत नाही. त्याच्या लेखी ‘प्राचीन’ गहाळ झालेले असते.

गंमत अशी की, ‘रेगे’ हा शब्द वाटतो तेवढा पुरातन नाहीच. जुन्या लोकगायकांच्या नावावरून तो भाषासुधारणेच्या काळात घडवला गेला. या भाषासुधारणेविषयी थोडे सांगितल्याशिवाय हंगेरियन भाषांतरकाराची खरी अडचण कळणार नाही. हंगेरीत १८४४ पर्यंत राज्यकारभाराची अधिकृत भाषा लॅटिन होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कॉझिन्त्सी आणि त्याच्या मंडळींनी शास्त्र, कायदा आणि ललित साहित्य हंगेरियनमध्ये लिहिता यावे म्हणून हजारो शब्द पाडले, बोलीतून वर आणले, किंवा जुन्या धातूंना नवे प्रत्यय लावून सिद्ध केले. त्यांची टिंगलही भरपूर झाली. १८१३ मध्ये ‘मोंदोलॉत’ नावाचे एक विडंबनपुस्तक त्यासाठीच निघाले. आपल्याकडे राज्यव्यवहारकोशाने फारसीच्या जागी संस्कृत शब्द सुचवले आणि विसाव्या शतकात भाषाशुद्धीचा वाद झाला, त्यावरून वाचकांना या भांडणाचा अंदाज येईल. फरक एवढाच की, हंगेरीत सुधारक बहुतांशी जिंकले.

त्यामुळे आज हंगेरियनमध्ये जुन्याची आणि नव्याची वाटणी विचित्र झाली आहे. जुन्या इंग्रजी कादंबरीतल्या वकिलाला काय म्हणावे? ‘ऊद्यवेद’ हा सध्याचा सर्रास शब्द सुधारकांनी घडवलेला. ‘प्रोकातोर’ हा लॅटिनमधून आलेला जुना शब्द, पण त्याला आज किंचित थट्टेचा वास येतो. जुनेपणासाठी तो वापरावा तर गंभीर पात्र विनोदी होऊन बसते. कोशात ‘जुना’ अशी खूण असलेला प्रत्येक शब्द जुन्या काळाचे वातावरण देतोच असे नाही. पुष्कळदा तो फक्त वय सांगतो, आणि कधी कधी हसू आणतो.

‘दाऊ’ आणि ‘यू’ या सर्वनामांचा प्रश्न तर याहून नाजूक आहे, आणि इथे मराठी वाचक इंग्रजी वाचकापेक्षा अधिक जाणता आहे. इंग्रजीने एकेरी सर्वनाम टाकून दिले. हंगेरियनने आणि आपण ते ठेवले. ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये सर टोबी आपल्या मित्राला सल्ला देतो की, प्रतिस्पर्ध्याला पत्रात तीनेक वेळा ‘दाऊ’ म्हणून घे. आजच्या इंग्रजी विद्यार्थ्याला हे समजवावे लागते. हंगेरियनमध्ये एकेरी बोलण्यासाठी ‘तेगेझ’ हे स्वतंत्र क्रियापदच आहे आणि मानाने बोलण्यासाठी ‘मॉगाझ’. आपले ‘अरेतुरे करणे’ आणि ‘अहोजाहो करणे’ यांचे हे सख्खे भाऊ शोभावेत. सर टोबीचा सल्ला बुडापेस्टच्या आणि पुण्याच्या प्रेक्षकाला सारखाच झटकन कळेल.

मात्र मानार्थी सर्वनाम निवडताना हंगेरियन भाषांतरकाराच्या पायाखाली निसरडे आहे. आज औपचारिक बोलण्यात ‘ओन’ चालते, पण ते रूढ झाले एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, सेचेन्यी इश्तवान या हंगेरियन राजकारणी सुधारकाच्या पुरस्कारामुळे. एलिझाबेथच्या काळातल्या उमरावाच्या तोंडी ते घालणे म्हणजे कालविपर्यासच. ‘मॉगॉ’ अधिक जुने, परंतु आज काही प्रसंगी ते तुसडे वाटते. ‘केंद’ आणखी जुने. ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या ‘केद्येल्मेद’ या दरबारी संबोधनाचे झिजून झालेले रूप, आणि झिजता झिजता ते दरबारातून खेड्यातल्या ओट्यावर आले. ते वापरले तर ‘हॅम्लेट’मधला डेन्मार्कचा राजवाडा हंगेरियन मैदानातले गाव होऊन जातो. ‘ओन’ आणि ‘मॉगॉ’ या दोन्हींचा मूळ अर्थ ‘स्वतः’ असा आहे. आपले आदरार्थी ‘आपण’ही ‘आत्मन्’पासूनच आलेले आहे, इतक्या दूरच्या दोन भाषांनी मान देण्यासाठी एकच वाट काढावी हे मला अजूनही नवलाचे वाटते.

‘हॅम्लेट’मधला राणीच्या महालातला प्रवेश घ्या. राणी मुलाला ‘दाऊ’ म्हणून सांगते की, तू तुझ्या वडिलांना फार दुखावले आहेस. तो तेच वाक्य उलटवून तिला ‘यू’ म्हणतो. तिची जवळीक नाकारून त्याने तिला दूर ढकलले आहे, आणि हे सगळे एका सर्वनामात. आता जुन्या हंगेरियन कुटुंबात मुले आईवडिलांशी मानानेच बोलत. त्यामुळे मुलाचे आदरार्थी बोलणे तिथे थंड न वाटता सुसंस्कृत वाटण्याचा धोका आहे, आणि नाटक जितक्या जुन्या वळणाच्या हंगेरियनमध्ये न्यावे तितका हा धोका वाढतो. मराठीत उलट आहे: वडिलांना ‘अहो’ म्हणणारा मुलगाही आईला ‘अगं’ म्हणतो, म्हणून ‘आई, तुम्ही माझ्या वडिलांना दुखावले आहे’ हे वाक्य साध्या मराठीतच टोचते. पण हेच ‘आईसाहेब, आपण आमच्या तीर्थरूपांस’ अशा बखरीच्या थाटात लिहिले की टोचणी गेली, उरला तो दरबारी रिवाज. आपल्या लेखकाच्या आग्रहाने इथे मूळ नाटकाचे नुकसानच होईल.

जुनेपण हवे तिथे ते कुठून आणायचे, याचे हंगेरियन उत्तरही पाहण्याजोगे आहे. कारोली गाश्पार याचे संपूर्ण बायबल १५९० मध्ये विझोय या गावी छापले गेले; राजा जेम्सच्या प्रख्यात इंग्रजी बायबलाच्या एकवीस वर्षे आधी. ‘देव बोलला, प्रकाश होवो, आणि प्रकाश झाला’ या वाक्यात कारोलीने ‘मोंदॉ’ आणि ‘लोन’ ही भूतकाळाची रूपे वापरली आहेत. आजच्या हंगेरियनमध्ये भूतकाळ एकच उरला आहे आणि ही रूपे बोलण्यातून गेली आहेत, पण चर्चमध्ये जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या दोघांच्याही कानांत ती आहेत. आपल्या ‘देव बोलता झाला’ या रचनेचा जो परिणाम होतो, जवळपास तोच त्यांचा. म्हणून शपथ, शाप, भविष्यवाणी किंवा प्रार्थना आली की हंगेरियन भाषांतरकार दुर्बोध नामे न शोधता एखादे क्रियापद या जुन्या काळात चालवतो आणि बाकी वाक्य साधे ठेवतो. शब्द सगळे ओळखीचे, चाल तेवढी जुनी. मराठीलाही हे सहज साधण्यासारखे आहे, आणि आपल्या लेखकाने भाषांतरातील व्याकरणाचा मुळीच विचार न करता सगळी मदार शब्दांवर ठेवली, ही त्यांच्या विवेचनातली मोठी उणीव मला वाटते.

नाहीशा झालेल्या वस्तूंच्या नावांचा प्रश्न मात्र मी दुय्यम मानतो. ‘ग्रोट’ या जुन्या इंग्रजी नाण्याला हंगेरियनमध्ये ‘गॉरॉश’ मिळते, आणि दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळाचे आहेत. असे भाग्य मराठीला नाही, पण ‘दमडी’ने काम भागते.

खोट्या जुनेपणाविषयी इंग्रजांनीच एक चांगली संज्ञा केली आहे. लंडनमधल्या वॉर्डर स्ट्रीटवर एके काळी नकली जुने फर्निचर विकले जाई, म्हणून ओढूनताणून जुनाट केलेल्या भाषेला ‘वॉर्डर स्ट्रीटची इंग्रजी’ म्हणू लागले. आपल्याकडे बखरीची मराठी हीदेखील एका विशिष्ट दरबाराची, फारसी शब्दांनी भरलेली, विशिष्ट काळाची भाषा आहे. ती डेन्मार्कच्या राजपुत्राला दिली की तो जुना होत नाही, साताऱ्याचा होतो. देवलांच्या ‘झुंझारराव’सारख्या (‘ऑथेल्लो’च्या) रूपांतरात ते शोभते, कारण तिथे माणसेही इथलीच केलेली आहेत, भाषांतरात शोभत नाही. शेक्सपिअरच्या काळची मराठी कशी होती हे पाहायचेच असेल तर बखरींकडे जाण्याचेही कारण नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात राचोल येथे १६१६ मध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या मृत्यूच्या वर्षीच छापले गेले. त्याच पिढीतल्या इंग्रजाने लिहिलेली मराठी आपल्या हाताशी आहे. तिच्यात ‘हॅम्लेट’ कोणी केले तर मी आवडीने वाचीन, पण ते नाट्यगृहात कोणाला कळेल असे मला वाटत नाही.

आता मूळ विधानाकडे. हंगेरीत ऑरॉन्यचे ‘हॅम्लेट’ आजही वाचले जाते हे खरे. पण ‘त्यातच’ वाचतात हे खरे नाही. विसाव्या शतकात कोस्तोलान्यी देझो, सॉबो लोरिंत्स, मेसोय देझो अशा अनेकांनी शेक्सपिअरची नाटके पुन्हा केली. शतकाच्या अखेरीस भाषाशास्त्रज्ञ आणि कवी नादॉश्दी आदाम याने रंगभूमीसाठी नवी भाषांतरे केली, आणि त्यात जुनेपणाचा मुलामा न देता, छंद सांभाळून, आजच्या माणसाला ऐकताक्षणी कळेल अशी भाषा ठेवली. याच नादॉश्दीने पुढे ‘बांक बान’ हे एकोणिसाव्या शतकातले मूळ हंगेरियन नाटकच आजच्या हंगेरियन गद्यात ‘भाषांतरित’ केले आणि २०१९ मध्ये ते मूळ संहितेसह छापले गेले. ज्या समाजाला स्वतःच्या अभिजात नाटकाचेही स्वभाषेत भाषांतर करावेसे वाटते, त्याला जुन्या भाषेचा आंधळा अभिमानी म्हणून साक्षीला बोलावणे योग्य नव्हे. ऑरॉन्यचे जुनेपणही बरेचसे काळाने आणलेले आहे. १८६७ च्या प्रेक्षकाला ‘तेर्हेकेत’ कळत होते आणि आजच्यालाही कळते, पण त्याच्या आजूबाजूची कित्येक रूपे या दीडशे वर्षांत मावळली.

लेखाचा उत्तरार्ध पुढील रविवारी येणार असल्याचे आपण कळवले आहे. त्यात एखाद्या उताऱ्याची दोन वेगवेगळ्या पिढ्यांची मराठी भाषांतरे, उदाहरणार्थ आगरकरांच्या ‘विकारविलसित’मधले, म्हणजे त्यांच्या मराठी ‘हॅम्लेट’मधले, एखादे भाषण आणि त्याचेच नंतरचे एखादे भाषांतर, मूळ इंग्रजीसह शेजारी शेजारी छापावीत अशी माझी विनंती आहे. जागेची अडचण असल्यास अभिप्राय कमी करावा, उतारे कमी करू नयेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे